नाशिक–ठाणे–नाशिक: हायब्रिड आणि ई-गाडी एकाच रस्त्यावर

जुनी डिझेल गाडी काढायची हे नक्की होतं. पुढची कोणती घ्यायची यावर मात्र घरात एकमत होईना. बायकोचा कल ई-गाडीकडे. वडिलांचा सवाल, "कसाऱ्याच्या घाटात बॅटरी संपली तर ढकलायला कोण येणार?" मेव्हण्याकडे हायब्रिड आहे, चुलतबहिणीकडे ४५ युनिट बॅटरीची ई-गाडी. दोन्ही साधारण एकाच मापाच्या. ठाण्याला घरचं लग्न निघालं तेव्हा दोन्ही गाड्या माणसांनी आणि आहेराच्या पिशव्यांनी भरल्या आणि मी जाता-येता आलटून पालटून दोन्ही चालवल्या. नाशिककर नवी गाडी बघताना मनात मुंबईचाच रस्ता धरून असतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी एक खुलासा. हायब्रिड म्हणजे इथे पेट्रोल इंजिन, जोडीला मोटर आणि जेमतेम पाऊण युनिटची बॅटरी असलेली गाडी. तिला प्लग नसतो, ती स्वतःच चार्ज होते. शोरूममध्ये 'स्मार्ट हायब्रिड', 'माइल्ड हायब्रिड' अशा नावांनी जे दाखवतात ते वेगळं प्रकरण. सरळ विचारा, "इंजिन बंद ठेवून गाडी नुसत्या बॅटरीवर चालते का?" उत्तर गोलमोल आलं तर ती साधी पेट्रोल गाडीच समजा.

सकाळी पाथर्डी फाट्यावरून निघालो. विल्होळी, वाडीवऱ्हे, गोंदे, घोटी हा टप्पा सपाट आणि मोकळा. इथे दोन्ही गाड्यांत सांगण्यासारखा फरक नाही. फक्त एक ध्यानात ठेवा: हायब्रिडची खरी बचत शहरात होते, हायवेवर नाही. सतत ८०–९० च्या वेगाला इंजिन बहुतेक वेळ चालूच असतं. कागदावर लिटरला २७-२८ किलोमीटर लिहिलेलं असलं तरी मोकळ्या रस्त्यावर त्या आकड्याची आशा धरू नका.

मजा कसाऱ्यात आली. इगतपुरीनंतर रस्ता काही किलोमीटरांतच सुमारे तीनशे मीटर खाली उतरतो. भरलेली गाडी एवढी खाली येते तेव्हा हिशोबाने सुमारे दीड युनिट ऊर्जा मोकळी होते, त्यातला काही भाग वीज म्हणून परत मिळतो. घाट उतरताना मी हायब्रिडमध्ये होतो. पहिल्या काही वळणांतच डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या रेघा भरत भरत वरपर्यंत गेल्या. आता वीज ठेवायला जागाच नाही. मग गाडीने इंजिनलाच ब्रेकच्या कामाला लावलं आणि पाय ॲक्सिलरेटरवर नसतानाही इंजिन मोठ्याने घोंघावायला लागलं. मागून सासूबाई, "अहो, गाडी बिघडली का?" बिघडली नव्हती, या तंत्राची रीतच ती. तुमच्याकडे हायब्रिड असेल तर घाटात 'बी' मोड, म्हणजे इंजिनने वेग रोखणारा मोड, टाका आणि आवाजाला घाबरू नका. ब्रेकवर पाय दाबून उतरत राहिलात तर ब्रेक तापतील.

पुढे खर्डीला गाड्या बदलल्या. चुलतबहिणीची, म्हणजे ताईची ई-गाडी तोच घाट ब्रेकला जवळपास हात न लावता उतरली होती. रीजेन, म्हणजे वेग कमी करताना मोटरने वीज परत बनवणं, वरच्या पायरीवर ठेवलं की ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी आपोआप धरते आणि मोठ्या बॅटरीत वीज साठायला भरपूर जागा असते. माथ्यावर जो टक्का होता, पायथ्याला त्याहून एकाने जास्त. मात्र इगतपुरीच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये मुक्काम करून सकाळी शंभर टक्के चार्ज करून निघालात, तर हेच रीजेन घाटात फारसं काम करणार नाही, कारण भरलेल्या बॅटरीत जागा नाही. तिथून निघताना ९० ला थांबवा.

वडपे ते ठाणे रस्त्याचं रुंदीकरण आणि तिथली कोंडी नाशिककरांना नव्याने सांगायला नको. इथे दोन्ही गाड्या साध्या पेट्रोल गाडीला मागे टाकतात. हायब्रिड बहुतेक वेळ इंजिन बंद ठेवून सरकते, बॅटरी उतरली की एसीसाठी इंजिन थोडा वेळ चालू होतं, परत बंद. ई-गाडीत तर शांतताच. कोंडीत बॅटरी संपेल ही भीती फुकाची आहे, उभ्या गाडीत एसी तासाला एक-दीड युनिट खातो इतकंच. माजिवड्याला पोचलो तेव्हा ई-गाडी ९६ टक्क्यांवरून ५२ वर आली होती. हायब्रिडचा पडदा लिटरला बावीस सांगत होता, त्यात उताराचा वाटा मोठा.

परतीसाठी ५२ टक्के पुरले नसते. परतताना समुद्रसपाटीजवळून नाशिकच्या उंचीवर, म्हणजे जवळपास सहाशे मीटर चढायचं असतं आणि त्या चढालाच वरचे तीनएक युनिट लागतात. ज्यांच्याकडे उतरलो त्यांच्या इमारतीत पार्किंगला प्लग नव्हता, म्हणून एका मॉलमध्ये गेलो. दोन चार्जरपैकी एकाचा पडदा काळा, दुसऱ्याला गाडी लागलेली. मेव्हणा तेवढ्यात पंपावर जाऊन टाकी भरून आला आणि खिडकीतून म्हणाला, "दाजी, आमचं झालं. तुमचं पिठलं शिजतंय का अजून?" बोलणं लागलं, पण खोटं नव्हतं. नंबर आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ८५ टक्के झाले, युनिटला सुमारे बावीस रुपये पडले. ॲपमध्ये चार्जर नुसता दिसतो म्हणून भरवसा ठेवू नका, शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी झालं ते बघा. दोन-तीन कंपन्यांची ॲप आधीच घेऊन त्यात थोडे पैसे टाकून ठेवा. बेसमेंटमध्ये रेंज नसते आणि ओटीपी येत नाही.

येताना भिवंडीजवळच्या आमणेहून समृद्धी महामार्गाला लागलो. ५ जून २०२५ ला सुरू झालेला हा आमणे–इगतपुरी टप्पा ७६ किलोमीटरचा. कसारा घाट टळतो आणि सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून थेट वर येतो. मेव्हण्याने दीडशेच्या घरात टोल भरला. ई-गाडीला समृद्धी, अटल सेतू आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर टोलमाफी आहे. फास्टॅगवर गाडीची नोंद ई-वाहन म्हणून आहे ना, हे घरूनच तपासा. घोटी, पडघा हे राष्ट्रीय महामार्गाचे नाके मात्र दोघांनाही सारखेच. समृद्धीवर सपाट भागात १२० ची मुभा आहे, पण ई-गाडी शंभरच्या आत ठेवली तर चढावरही बॅटरीचं गणित बिघडत नाही. हायब्रिडचं इंजिन चढावर चांगलंच ओरडतं. वेग नंतर वाढतो, आवाज आधी.

घरी पोचताना ई-गाडीत २८ टक्के शिल्लक होते. वडिलांनी स्वतः आकडा वाचला आणि विषय बदलला.

पैशांचं बघा. तीनशे किलोमीटरला हायब्रिडने पंधरा लिटर घेतलं, म्हणजे साडेपंधराशेच्या आसपास. ई-गाडीचं मॉलमधलं आणि घरचं मिळून सातशेच्या आत. खरेदीतही फरक आहे. ई-गाडीवर जीएसटी ५ टक्के आणि राज्यात नोंदणीचा कर माफ. चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के, आणि दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला लागतो तोच १२ टक्के वाहनकरही भरावा लागतो. १६ लाखांच्या गाडीला तो एक लाख ब्याण्णव हजार होतो. शिवाय या वर्गातल्या हायब्रिडची बॅटरी डिकीखाली असते, आहेराच्या दोन पिशव्या आम्हाला मांडीवर घ्याव्या लागल्या.

एवढं वाचून ई-गाडीच घ्या असं वाटेल. पण हे 'घरचं' चार्जिंग म्हणजे ताईच्या गंगापूर रोडच्या बंगल्यातलं. तिचं पंधरा अँपियरचं सॉकेट, रात्री नऊला गाडी लावली की सकाळी सातपर्यंत तीसेक युनिट आत. आमच्यासारख्या फ्लॅटवाल्याची गाडी रोज मॉलच्या चार्जरवर गेली तर वीज महागच आणि रविवारही रांगेत. घरच्याच मीटरवर चार्ज केली तर महावितरणचे स्लॅब तीनशे, पाचशे युनिटांच्या पुढे चढत जातात. ई-वाहनासाठी वेगळं कनेक्शन मिळतं, ते घ्या. त्यासाठी सोसायटीचं पत्र लागतं, आणि मीटरपासून तुमच्या जागेपर्यंत केबल कुठून जाईल हे इलेक्ट्रिशियनला आधी दाखवा. खर्च मुख्यतः त्या अंतरावर ठरतो. पार्किंग नावावर नसेल, भाड्याचं घर असेल किंवा महिन्यातून अनेकदा एकाच दिवसात मुंबईला जाऊन परत यायचं असेल, तर हायब्रिड घ्या आणि सुखाने झोपा.

आमच्या सोसायटीच्या सचिवांकडे अर्ज दिलाय. "कमिटीपुढे ठेवतो," म्हणालेत. केबलचं माप घेऊन झालंय. पत्र हातात आलं की ताईसारखी ई-गाडी बुक करणार. दिवाळीपर्यंत नाही आलं तर मेव्हण्याला घेऊन हायब्रिडच्या शोरूममध्ये जाणार.