गिफूत लँगियाच्या शोधात: मार्चअखेरचा प्रवास

लँगिया हा जपानमधला सगळ्यात मोठा हॉकमॉथ, म्हणजे जाड अंगाचा, निशाचर पतंग. तो बघायचा असेल तर साकुराच्या (चेरीच्या फुलांच्या) बहराशी तारखा जुळवा. मार्चच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचे दिवस उत्तम. मे महिन्याचं तिकीट काढलंत तर पतंग संपलेले असतात, कारण वर्षाला पिढी एकच. प्रौढाची सोंड खुंटलेली असते, तो काही खात नाही. त्यामुळे गुळाचं किंवा केळ्याचं आमिष फुकट जातं. दिवा हाच मार्ग.

त्याचं पूर्ण शास्त्रीय नाव लँगिया झेन्झेरॉइड्स. कीटकशास्त्रज्ञ मूरने १८७२ मध्ये त्याचं वर्णन केलं. मूळ उपप्रजाती हिमालयापासून चीनपर्यंत सापडते, म्हणजे तो आपल्याकडचाही आहे. तैवानची फॉर्मोसाना ही उपप्रजाती क्लार्कने १९३६ मध्ये वेगळी केली. जपान आणि दक्षिण कोरियातली नावाई ही उपप्रजाती रॉथ्सचाइल्ड आणि जॉर्डन यांनी १९०३ मध्ये. जपानात ती होन्शूचा पश्चिम भाग, शिकोकू, क्यूशू आणि त्सुशिमा बेटावर आहे. होक्काइदोत शोधू नका.

नागोयाहून जेआर (जपान रेल्वे) च्या जलद गाडीने गिफू साधारण २० मिनिटं. स्टेशनवरून बसने गिफू पार्क. तिथलं नावा कीटक संग्रहालय १९१९ चं आहे. बंद असण्याचे वार आधी तपासा. आतले खांब नाराच्या तोशोदाइजी मंदिरातल्या वाळवी लागलेल्या लाकडाचे आहेत, ते चुकवू नका.

खरं काम रात्री. आपल्याकडचा १२५ वॅटचा मर्क्युरी दिवा आणि चोक नेऊ नका: जपानात वीज १०० व्होल्टची, २३० व्होल्टच्या चोकवर दिवा पेटतच नाही. ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा यूव्ही (अतिनील) एलईडी, पॉवर बँक आणि पांढरी चादर पुरे. पॉवर बँक २०,००० एमएएच (सुमारे ७४ वॅट-तास) ठेवा आणि केबिन बॅगेतच न्या. १०० वॅट-तासांवर विमान कंपनीची परवानगी लागते. चादर चेरी, उमे (जपानी जर्दाळू) किंवा पीचच्या झाडांजवळ लावा, अळ्या याच झाडांवर वाढतात. बाग खाजगी असते, मालकाला विचारूनच. चांदणं आणि वारा नसलेली, त्यातल्या त्यात उबदार रात्र निवडा. डोंगरात अस्वलं याच सुमारास हिवाळी झोपेतून उठतात, घंटी बांधाच.

रस्त्यावरच्या नव्या एलईडी दिव्यांत यूव्ही जवळजवळ नसतं, त्यांच्याखाली ताटकळू नका. जुने ट्यूबलाइट शिल्लक असलेली स्वच्छतागृहं आणि शीतपेयांची मशिनं मात्र पहाटे, पक्षी येण्याआधी बघून घ्या. उशीर झाला तर जमिनीवर तुटलेले पंख तरी शोधा. पुढच्या पंखाची बाहेरची कड करवतीसारखी दातेरी आणि रंग राखाडी, त्यावर पांढरट भुरका असेल तर तो लँगियाच; तेवढ्या पंखावरही पक्की नोंद होते. सायलोग्रामा इन्क्रेटा हा दुसरा हॉकमॉथही राखाडी, पण त्याची कड सरळ आणि हंगाम पुढे उन्हाळ्यात.

उपप्रजाती रंगाच्या छटेवरून किंवा आकारावरून ठरवू नका. पंखांवरचे खवले झडले की छटा फिकी होते आणि अळीला खायला कमी मिळालं की पतंग लहान निघतो. फोटो वरून, खालून आणि मिलिमीटरच्या पट्टीसह घ्या. नोंदीत जागा, उंची, तारीख, वेळ आणि दिव्याचा प्रकार लिहा. नुसतं ‘जपान’ लिहिलेल्या नोंदीचा वितरणाच्या नकाशाला काही उपयोग नाही.