कौलांवर आलेला चाफा

वाईतल्या एका जुन्या घराच्या परसात पांढरा चाफा आहे. तो इतका माजला होता की त्याची एक जाड फांदी सरळ माजघराच्या कौलांवर टेकली होती. पावसाळ्यात पन्हळीत पानं साचून भिंतीला ओल यायची. छाटणीसाठी मला बोलावलं होतं. घरच्या मुलाचं म्हणणं होतं, "वरून सगळा सपाट करून टाका." ओट्यावर बसलेल्या आजी म्हणाल्या, "देवापुरती फुलं राहू देत रे बाळा, मग कर काय ते."

आजींचं म्हणणं मला पटलं, कारण चाफ्याचं फूल येतं ते फांदीच्या शेंड्यालाच. शेंडे सरसकट उडवले की येत्या हंगामाची बहुतेक फुलं गेली. शिवाय प्रत्येक कापाखालून दोन-तीन धुमारे फुटतात आणि झाड पहिल्यापेक्षा दाट होतं. इथं मागे कुणीतरी नेमकं तेच केलेलं होतं. एका जागी अर्धवट सोडलेला खुंट होता. अंगठा दाबला तर आतलं लाकूड भुसा होऊन हाताला लागलं. त्याच्याभोवती सरळसोट धुमाऱ्यांची गर्दी, एकमेकांवर घासून सालं सोललेली.

माघ होता, झाडावर पान नव्हतं. चाफा छाटायला हाच काळ चांगला, कुठली फांदी कुठं जाते ते उघडं दिसतं. नागरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे, म्हणून नगरपालिकेची परवानगी मुलाला आधीच काढायला सांगितली होती.

खरी कसोटी कौलांवरच्या फांदीची. चाफ्याची फांदी दिसते मांडीएवढी, पण लाकूड मऊ आणि ठिसूळ. एकदम कडकन मोडते आणि वजनाला भारी असते. खाली मंगलोरी कौलं. शिडीचा घोडा लावून वर चढलो, वरच्या बेचक्यातून दोर घेतला आणि फांदीला दोन ठिकाणी बांधला. दोराचं दुसरं टोक शेजारच्या आंब्याच्या बुंध्याला वेढा देऊन जोडीदाराच्या हातात. आधी शेंड्याकडचे फाटे एकेक करून उतरवले. मग बुंध्यापासून हातभर अंतरावर खालून करवत घातली, लाकूड पात्याला चावायला लागेपर्यंत. त्याच्या थोडं पुढं वरून दुसरा काप. खालचा काप आधी असला की फांदी सुटताना बुंध्याची साल ओढत नेत नाही. चिकाची धार लागली होती. तो डोळ्यात गेला तर फार आग होते, म्हणून चष्मा लावूनच काम करायचं. "ढील दे... थांब... अजून दे." फांदी दोरावर झोके खात अंगणात उतरली. एकही कौल हललं नाही. आजींनी हात जोडले.

उरलेला खुंट काढताना घाई करून चालत नाही. फांदी जिथं बुंध्याला मिळते तिथं कड्यासारखा फुगवटा असतो. काप त्याच्या लगत, पण त्याला धक्का न लावता घ्यायचा. अमेरिकेतल्या वनखात्याचे संशोधक अॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चिरून दाखवून दिलं की झाड जखमेभोवती आतून भिंत उभारून कूज कोंडून टाकतं. फुगवटाच कापला तर ती भिंत उभारायला झाडाला फार जड जातं. मुलाने कापावर डांबर लावू का विचारलं. मी नको म्हणालो. चीक थांबेपर्यंत पाणी शिंपडलं आणि जागा उघडी ठेवली.

मग एकमेकांवर घासणाऱ्या फांद्यांतली कमजोर ती काढली. कुजका खुंट निरोगी लाकडापर्यंत उतरवला. धुमाऱ्यांच्या गर्दीतले दणकट दोनच राखले. पूर्वेकडचे शेंडे, म्हणजे आजींच्या ओट्यावरून हात पोचणारे, एकही तोडले नाहीत.

कापलेले चांगले फाटे सावलीत आठ-दहा दिवस ठेवायला सांगितले. काप सुकल्यावर लावले तर चाफा सहज जगतो, ओले लावले तर बुडाशी सडतो. शेजारणी लगेच मागायला आल्या.

विहिरीकडे झुकलेल्या दोन फांद्या मुद्दाम ठेवल्या आहेत. एका वर्षात झाडावरून इतकं उतरवणं मला बरं वाटत नाही. त्या पुढच्या माघात काढू, असं मुलाशी ठरलंय.