टेबल सॉ घेतला आणि एका पट्टीसाठी अडकून बसलो (माझा अनुभव)

पुण्यात बोहरी आळीत जाऊन टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल फिरत्या पात्यावर फळी ढकलून कापायचं मशीन) घेणं हा सगळ्यात सोपा भाग होता, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. भाव केला, टेम्पो ठरवला, धायरीला घरी आणून मागच्या खोलीत ठेवला. १० इंची पातं, १८०० वॅटची मोटर. खोक्यातली पार्ट लिस्ट घेऊन एकेक वस्तू टिक करत गेलो तर रिव्हिंग नाइफच नाही.

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, रिव्हिंग नाइफ म्हणजे पात्याच्या पाठीमागे अगदी चिकटून उभी असलेली स्टीलची पट्टी. आपण फळी पुढे ढकलत जातो तशी कापलेली फट मागे मिटायला बघते, त्यात लाकूड नीट वाळलेलं नसेल तर हमखास. फट मिटून पातं चिमटलं की मागच्या बाजूचे दात, जे खालून वर येत असतात, ते फळी उचलतात आणि सरळ आपल्या पोटावर फेकतात. हाच किकबॅक. फळी तर लागतेच, वर ती धरलेला हातही पात्याकडे खेचला जाऊ शकतो. ती पट्टी फट उघडी धरते, बास, एवढंच तिचं काम.

दुकानात फोन केला तर पोरगा म्हणतो, "काका, ते कोणी लावतच नाही, मिस्त्री लोक पहिल्या दिवशी काढून टाकतात." आता हे खोटं नाही म्हणा. आमच्याकडे फर्निचरला आलेले मिस्त्री मार्बल कटर प्लायच्या तुकड्याला खालून उलटा बसवतात, बटण लॉक करतात आणि बंद करायचं असेल तर प्लग खेचतात. दगड-फरशी कापायचं मशीन ते, मिनिटाला १२-१३ हजार फेरे, गार्ड नाही काही नाही. ते करतात म्हणून मी का करू? आणि पैसे तर पूर्ण सेटचे घेतलेत ना.

मग कंपनीची हेल्पलाइन. पर्याय काय, तर मशीन बंद आहे, मशीन आवाज करतंय, मशीनमधून धूर येतोय. खोक्यात वस्तू कमी आली हा पर्यायच नाही. शेवटी एक मुलगी बोलायला आली.

"सर, मशीन चालू होतंय का?"

"मी अजून लावलंच नाहीये, त्याच्यातला एक पार्ट आलेला नाही."

"हो सर, पण मशीन चालू आहे ना?"

असं बराच वेळ. मग मेसेज आला, 'तक्रार नोंदवली: मशीन चालू होत नाही.' घ्या. भर पावसात एक बिचारा टेक्निशियन बाइकवरून आला, प्लग लावला, बटण दाबलं, मशीन गरगरलं. "झालं सर, ओटीपी द्या, कॉल क्लोज करतो." मी म्हटलं, पार्ट हातात पडल्याशिवाय ओटीपी मिळणार नाही. त्याची चूक नव्हती, त्याला चहा पाजला, पण ओटीपी दिला नाही. हे लक्षात ठेवा, एकदा कॉल क्लोज झाला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

नंतर स्वतःच सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरचे साहेब म्हणाले पार्ट मागवायला जॉब शीट लागते, आणि जॉब शीट करायला मशीन जमा करावं लागतं. जो पार्ट मशीनमध्ये नाहीच त्यासाठी ते धूड उचलून इथे आणायचं? शेवटी त्यांच्याच मॅन्युअलच्या पानावर पार्ट नंबरला पेनाने गोल करून समोर ठेवला तेव्हा कुठे काँप्युटरमध्ये टाइप केला. मग 'मागवलाय', 'निघालाय', 'गोडाऊनला आहे'. अमेरिकेत सॉस्टॉप नावाच्या कंपनीचे टेबल सॉ बोट लागल्यावर ५ मिलिसेकंदात पातं जागच्या जागी थांबवतात आणि इथे एक पट्टी यायला पावसाळा सरला.

आली तीसुद्धा दुसऱ्या मॉडेलची! कळलं कसं, तर पट्टीवर आकडे कोरलेले असतात. नियम सोपा आहे, पट्टी पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड हवी आणि दातांनी पडणाऱ्या कापापेक्षा बारीक. माझं पातं १.८ मिमी, काप २.६, आणि आलेली पट्टी ३ मिमीची. म्हणजे फळी पट्टीलाच अडकून बसणार. काउंटरवर व्हर्निअर लावून दाखवलं, तरी साहेब म्हणतात "थोडं घासून घ्या". नाही घासली. परत केली, बरोबरची मिळाली, मग ओटीपी दिला. त्या दिवशी घरी येताना जो आनंद झाला तो मशीन घेतानाही झाला नव्हता.

मधल्या काळात एक गोष्ट बरी झाली, वायरिंग उरकलं. १८०० वॅट म्हणजे साधारण ८ अँपिअर, त्यामुळे ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर लावू नका, १६ चा वेगळा पॉइंट घ्या आणि मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) टाका. आणि गुरुवार! आपल्याकडे महावितरणची दुरुस्ती म्हणून लाईट जाते. कापता कापता लाईट गेली तर आधी मशीनचं बटण बंद करायचं आणि प्लग काढायचा, नाहीतर तुम्ही चहाला गेलेले आणि लाईट आल्यावर मशीन एकटंच सुरू. काही मशीनचं बटण वीज गेली की आपोआप पडतं, घेतानाच विचारून घ्या.

हातमोजे घालायचे नाहीत, हे सगळ्यांना उलटं वाटतं. पण पात्याने कापड पकडलं की हात आत जातो. कडं, अंगठी, मनगटावरचा धागा, सगळं काढून ठेवायचं. चष्मा आणि कानाला मफ मात्र हवेतच. मास्क एन९५, कारण लाकडाचा भुसा कॅन्सरला कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या यादीत आहे आणि एमडीएफची धूळ तर खोलीत तासन्‌तास तरंगते.

उभं राहताना पात्याच्या रेषेत नाही, जरा डावीकडे. अरुंद पट्टी कापताना हाताने नाही, पुश स्टिकने ढकलायचं, ती प्लायच्या तुकड्यातून घरीच बनते. पातं लाकडाच्या वर एक दातभर दिसलं की पुरे. आडवा काप माईटर गेजने (टेबलाच्या खाचेतून सरकणारा टेकू) घेत असाल तर फेन्सला (पात्याला समांतर असलेली आधाराची पट्टी) लाकूड टेकवू नका, तुकडा मध्ये अडकतो आणि पुन्हा तोच किकबॅक.

हां, एक राहिलं. भवानी पेठेत प्लाय घ्यायला गेलात आणि तिथे कोणी "हे पातळ ब्लेड घ्या, भुसा कमी पडतो" म्हणालं तर आधी त्याच्यावरचा कापाचा आकडा आपल्या रिव्हिंग नाइफवरच्या आकड्यापेक्षा मोठा आहे का बघा. नाहीतर नवीन पट्टीसाठी पुन्हा त्याच काउंटरला.