दोरा, नट आणि १० झोके

आज कोल्हापुरात शिक्षकांसोबत दिवसभर लंबक. साहित्य म्हणजे दोरा आणि उद्यमनगरातून आणलेले लोखंडी नट. आधी विचारलं, जड नट लवकर झुलेल की हलका? बहुतेक हात 'जड'साठी वर.

मग १० झोके मोजले, जाऊन परत आला की एक झोका. १ मीटर दोऱ्याला २० सेकंद. लांबी तीच ठेवून जड नट लावला, तरी २०च! पन्हाळ्याकडच्या एक बाई पुन्हा पुन्हा मोजत राहिल्या, चहा पार गार झाला. मग स्वतःच म्हणाल्या, "सर, दोरा अर्धा करून बघू?" अंदाज १०चा, आले १४. उत्तर ओठांवर होतं माझ्या, पण गप्प राहिलो. प्रशिक्षणात हेच सगळ्यात अवघड जातं. त्यांनी दोरा २५ सेंटिमीटरवर आणला आणि बरोब्बर १० सेकंद आले. काय चेहरा फुलला होता!

निघताना चार नट पर्समध्ये टाकत म्हणाल्या, "उद्या पोरांनाच मोजायला लावते."