डिझेल करायला गेलो आणि साबण झाला

ऑगस्टची गोष्ट. करंजाच्या तेलाचं बायोडिझेल करायचं आमचं छोटंसं युनिट आहे, त्या दिवशी पन्नास लिटरची बॅच लावायची होती आणि गाडी यायची घाई म्हणून मी टायट्रेशन (तेलात मोकळं आम्ल किती ते मोजायची चाचणी) केलंच नाही. मागच्या लॉटला ब्युरेटवर (थेंब थेंब सोडायच्या खुणांच्या नळीवर) साडेतीन मिली आलं होतं, तेल त्याच घाण्यावरचं, म्हटलं वेगळं काय असणार! दहा लिटर मिथेनॉलमध्ये सव्वापाचशे ग्रॅम पोटॅश (कॉस्टिक, खताचं नव्हे) विरघळवलं, तेल साठ डिग्रीला आणलं (पासष्टच्या आसपास मिथेनॉल उकळायला लागतं म्हणून त्याच्या आतच ठेवतो) आणि स्टरर चालू.

तासाभराने बंद करून ठेवलं. एरवी थोड्या वेळात खाली काळपट ग्लिसरीन बसायला लागतं, वर बायोडिझेल राहतं. दोन तासांनी खालचा कॉक उघडला तर काहीच येईना. झाकण काढलं, आत चॉकलेटी खळ. युनिटवर कामाला असलेल्या मामांनी बोट बुडवून चोळलं, म्हणाले, "साहेब, फेस येतोय की."

मग बसलो टायट्रेशनला. करंजाचं तेल मुळातच तांबूस काळं, त्यात चाचणी पूर्ण झाल्याची खूण असलेला गुलाबी रंग दिसणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा, मागे पांढरा कागद धरून थेंब थेंब सोडत होतो. दहा मिली झाले, बारा झाले, सोळाच्या पुढे कुठे रंग टिकला. म्हणजे फ्री फॅटी अॅसिड (तेच मोकळं आम्ल) नऊ टक्क्यांच्या घरात, आणि दोनच्या वर गेलं की आम्ही थेट पोटॅश घालतच नाही कारण ते अॅसिड पोटॅश खातं आणि साबण होतो. घाणेवाल्याला फोन लावला तर तो थंडपणे म्हणतो, "बिया पावसात जरा भिजल्या होत्या, पण तेल चांगलं निघालं ना?"

उरलेल्या ड्रमला मग आधी ते फॅटी अॅसिड कमी करायला सल्फ्युरिक अॅसिड आणि मिथेनॉल घालून शिजवलं, वर आलेला मिथेनॉल-पाण्याचा थर काढला, परत टायट्रेशन, तीन मिली, आणि मगच पोटॅश. तेव्हा कुठे ग्लिसरीन नीट खाली बसलं. गाडी अर्थात रिकामी गेली.

मामांना तो साबण बैल धुवायला हवा होता, करंजाने गोचीड जातात म्हणे. त्यात मिथेनॉल आहे, पोटॅश आहे, कातडी सोलून निघेल म्हणून नाही दिला, तर दोन दिवस बोलले नाहीत. रिअॅक्टर मीच खरवडला, रात्री अकरापर्यंत, कॅन्टीनच्या उलथन्याने.