तासांवर मोजलेलं इंटरनेट

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत एखाद्या जुन्या पाटीवर व्हीएसएनएलचा, म्हणजे विदेश संचार निगमाचा, ईमेल पत्ता अजून दिसतो. पाटी बदलायची म्हणजे लेटरहेड बदला, बिलबुकं बदला; त्यापेक्षा राहू दे! निगमाचं नावच २००८ मध्ये बदललं, ते निराळं.

निगमाने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वांना खुलं केलं. विकत मिळायचे ते तास. विद्यार्थ्यांच्या स्वस्त खात्यात चित्रं नाहीत, नुसता मजकूर. फोनचं बिल वेगळं: ३ मिनिटांची पल्स, म्हणजे दर ३ मिनिटांना एक कॉल, तासाला २० कॉल. गावात नोड (जिथे फोन लावून इंटरनेटला जोडायचं ते केंद्र) नसेल तर थेट एसटीडी, म्हणजे परगावच्या कॉलचा दर. ३३.६ केबीपीएस वेगाला १ एमबी उतरायला चार मिनिटांच्या वर लागत, म्हणून शहाणी माणसं मेल आधी लिहून ठेवत, लाइन जोडून एका दमात पाठवत आणि लगेच तोडत.

जोडणं हीच खरी कारागिरी. परदेशी मोडेमला (कॉम्प्युटर फोनच्या लाइनला जोडणारं यंत्र) आपल्या एक्स्चेंजचा डायल टोन ओळखता येत नसे, मग स्क्रीनवर एरर ६८०. कानाला टोन नीट ऐकू येत असेल, तर मोडेमच्या जादा सेटिंगमध्ये 'एक्स थ्री' टाकायचं, मग तो टोनची वाट न बघता नंबर फिरवायचा. एक्स्चेंज जुनं असेल तर पल्स डायलिंग, म्हणजे टोनऐवजी जुन्या चकतीच्या फोनसारखं टकटक करत नंबर फिरवणं. ६७६ म्हणजे पलीकडे एंगेज, ६९१ म्हणजे पासवर्ड तपासा. कॉल वेटिंग बंद, कारण त्या बीपने लाइन तुटायची. आणि पॅरलल फोन काढलेला बरा: आतल्या खोलीत कुणी रिसीव्हर उचलला की उतरत आलेली फाइल गेली. पावसाळ्यात केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलं की खरखर वाढायची, मोडेम मुकाट खालच्या वेगावर यायचा.

१९९८ अखेर खासगी कंपन्या आल्या, दर घसरले. निगमाची मुख्य कमाई परदेशी कॉलची. परदेशी कॉलची ती मक्तेदारी मार्च २००२ अखेर संपली. त्याआधीच, फेब्रुवारीत, टाटांनी निगमाचा २५ टक्के हिस्सा घेतला होता. २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड त्याच तांब्याच्या तारेवरून आलं, फोन चालू ठेवून. तास विकणाऱ्यांचा धंदा बसला. पुढे निगमाचं नाव झालं टाटा कम्युनिकेशन्स.

तसा पत्ता कुठे नोंदलेला असेल आणि पेटी अजून चालू असेल, तर क्रम चुकवू नये. आधी बँक, पॅन आणि डोमेनच्या नोंदी बदलाव्यात, कारण खात्री पटवणारा मेल जुन्याच पेटीत येतो. पेटी बंद करायची ती सगळ्यात शेवटी.