टाऊन हॉलच्या बागेतली मैफल

कोल्हापुरात दसरा चौकातल्या शाहू स्मारकाच्या कलादालनात डोकावलं, की भिंतीवर बहुतेक वेळा काहीतरी लागलेलं असतंच. पण मी वर्षभर वाट बघते ती 'रंगबहार' या कलासंस्थेच्या 'मैफल रंगसुरांची'ची. हिवाळ्यातली सकाळ, टाऊन हॉलची बाग, एकीकडे गाणं-बजावणं आणि झाडांखाली गावातले चित्रकार, शिल्पकार लोकांसमोर काम करत बसलेले. चित्रकार विश्वनाथ नागेशकर आणि रवींद्र मेस्त्री यांच्या स्मरणार्थ ही मैफल भरते. मेस्त्री म्हणजे कावळा नाक्यावरच्या अश्वारूढ ताराराणींचे शिल्पकार. (शेजारच्या सीपीआर रुग्णालयाच्या बाजूला गाडी लावायला जागा मिळत नाही, त्यामुळे सरळ चालत या.)

सगळ्यात जास्त गर्दी व्यक्तिचित्राभोवती. यंदा समोर फेटेवाले एक आजोबा बसवले होते. चित्रकारानं आधी डोळे काढलेच नाहीत. कपाळ, गाल आणि फेट्याची सावली असे मोठे मोठे ठोकळे जाड ब्रशनं टाकले. बराच वेळ नुसता तांबूस-तपकिरी चिखल दिसत होता आणि माझ्या शेजारचे एकजण अस्वस्थ होऊन "हे काय जमंना" म्हणायला लागले. मग नाकाच्या शेंड्यावर उजेडाचा एकच फटकारा बसला आणि आजोबा आले! तेच शेजारी लगेच, "नाक बसलं बघा!" आजोबा मात्र तोवर पेंगायला लागले होते, मान खाली येत होती, आणि चित्रकार हसत हसत त्यांना हाक मारून सरळ बसवत होता.

जलरंगवाल्यांची गंमत वेगळी. सकाळच्या दवात वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, लवकर वाळत नाही, आणि ऊन चढलं की ब्रश उचलायच्या आत वाळतो. म्हणून अनुभवी माणूस आकाश आधी उरकतो. बहुतेकांसमोर विषय एकच, टाऊन हॉल. १८७२ ते १८७६ या काळात बांधलेली ही काळ्या दगडाची, उतरत्या छपरांची इमारत कितींदा रंगवली गेली असेल! आतल्या म्युझियममध्ये कोल्हापूरच्या जुन्या नामवंत चित्रकारांची चित्रं आहेत, आबालाल रहिमान आहेत, बाबूराव पेंटर आहेत. बाहेर बसून काढणाऱ्यावर त्यांचं दडपण येत नसेल का?

मला वाटतं, येतं. हुबेहूब साम्य साधण्यात आमचं गाव पटाईत, आणि गर्दीची दादही तिथंच मिळते. त्यामुळे वेगळं काही करणारी मुलं कुंपणाच्या कडेला बसलेली असतात. मी आता आधी तिकडंच जाते. यंदा कला महाविद्यालयातली एक मुलगी कॅनव्हासवर गंजलेल्या पत्र्याचे तुकडे आणि चुना चिकटवत होती. एक काका वाकून बघत म्हणाले, "काय काढलंयस गं पोरी हे?"

"अजून व्हायचंय काका."

"झाल्यावर काय हुनार?"

"ते मलाबी ठाऊक न्हाई."

काका वैतागून निघून जातील असं मला वाटलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि तिच्या पत्र्याचा डबा उन्हातून बाजूला सरकवला. वर "चुना जरा पातळ कर, फुटंल न्हाईतर" असा सल्लाही दिला. काका गवंडीकाम करणारे निघाले. तिनं चुना पातळ केला.

व्यक्तिचित्रापाशी एवढ्यात टाळ्या पडल्या. आम्ही तिघंही तिकडं गेलो नाही.